थोरलीला कांजिण्या नव्हत्या

मागच्या डिसेंबरात तुम्ही दोघं आईबरोबर रत्नागिरीला आलात तेव्हा मला दोन प्रश्न विचारलेत. तुमच्या आईच्या लग्नाच्या व्हिडिओत मावशी कुठेच का दिसत नाही, हा एक. आणि ओटीला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीत तो चौकोनी लाकडी तुकडा कसला, हा दुसरा. दोन्ही वेळा मी "आधी जेवून घ्या" म्हणाले. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून ते एकदाच आणि नीट लिहिते.

तुम्ही तिकडे परदेशात शनिवारच्या वर्गात मराठी शिकलात, तेव्हा अवघड शब्द टाळीन. मी शाळेत पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तुम्हाला सोपं जाईल म्हणून हे आधी इंग्रजीतच लिहायला घेतलं होतं. दोन पानं झाली आणि ते सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी घरी घडलंय असं वाटायला लागलं. ती पानं फाडली.

ऐंशीच्या दशकात या घरात आम्ही पाच जणं होतो. तुमचे आजोबा पोफळीला वीजघरात नोकरीला होते. आठवडाभर तिथल्या कॉलनीत राहायचे आणि शनिवारच्या एस.टी.नं घरी यायचे. मी, माझ्या सासूबाई आणि दोन मुली इथे. धाकटी म्हणजे तुमची आई. थोरली म्हणजे तुमची मावशी, जी तुम्ही फक्त फोटोत पाहिलीत.

थोरली कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना हे सुरू झालं. मार्चचे दिवस. दुपारी चालत घरी आली की म्हणायची, "आई, उजव्या डोळ्यासमोर ताक सांडल्यासारखं दिसतंय." तासभर विहिरीजवळच्या सावलीत बसली की ताक नाहीसं व्हायचं. परीक्षा जवळ आली होती. इतकी वर्षं वर्गात उभी राहिल्यामुळे मला मुलींचे बहाणे ओळखता येतात असा माझा समज होता. मी तिला म्हटलं, "उन्हात आजारी आणि सावलीत टुणटुणीत, असला आजार मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही." ती हसली. त्या वर्षी तिनं परीक्षा दिली, पण एका पेपराची शेवटची दोन पानं तिनं जवळजवळ अंदाजानं लिहिली होती, हे मला फार नंतर कळलं.

पुढच्या वर्षी तिचा डावा पाय ओढायला लागला. सासूबाईंनी तो पाय खळ्यातून येताना पाहिला, हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "पोरीच्या अंगावरून वारं चाललंय गो."

हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला हवा. आपल्याकडे लकवा झाला की "अंगावरून वारं गेलं" असं म्हणतात. लकवा का होतो हे कुणालाच माहीत नव्हतं तेव्हाचा तो शब्द आहे. पण सासूबाईंच्या लेखी तो नुसता शब्द नव्हता, ती हकिकत होती. कुठूनसं वारं येतं, माणसाच्या अंगावरून जातं आणि जाताना हातापायातलं बळ घेऊन जातं. त्यावर उपाय एकच. वारं बंद करायचं आणि ऊब द्यायची.

त्यांनी कुंपणाजवळच्या निगडीचा पाला काढला, मोठ्या तपेल्यात उकळला आणि थोरलीला न्हाणीघरात त्या पाण्यानं शेकत, आंघोळ घालायला बसल्या. मी शाळेत होते. घरी आले तेव्हा थोरली माजघरात ओलेत्यानं जमिनीवर पडलेली आणि सासूबाई तिच्या डोक्याशी बसून देवाचं नाव घेत होत्या. ती न्हाणीतून उठूच शकली नव्हती, सासूबाईंनी ओढत बाहेर आणली होती. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. "आई, तू आलीस ना? चपलांचा आवाज ओळखला," एवढंच म्हणाली. गार जमिनीवर दीड तास पडून राहिल्यावर ती आपली आपण उठून बसली आणि भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते तिनं सांगितलं.

तिला मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी हे त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आम्ही हीच परीक्षा करतो. संशय असला की पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवायची पद्धत आहे. तुमच्या सासूबाईंनी आमच्या आधी केली." त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मी वहीत स्पेलिंग लिहून घेतलं आणि बरोबर आहे ना म्हणून त्यांना दाखवलं. शरीराची स्वतःचं रक्षण करणारी जी यंत्रणा असते, ती चुकून स्वतःच्याच नसांवरचं आवरण खाते. का खाते ते कुणाला माहीत नाही आणि थांबवायचं औषध नाही, असं ते म्हणाले.

परतीच्या एस.टी.त तुमच्या आजोबांनी थोरलीला ते त्यांच्या पद्धतीनं सांगितलं. "तारेवरचं रबर खराब झालंय. गार असली की तार कशीबशी काम करते. तापली की विजेची गळती होते."

"मग तार बदला," थोरली म्हणाली.

"ते जमत नाही. पण तार गार ठेवता येते."

असा आमच्या घरी एअरकंडिशनर आला. त्या काळी रत्नागिरीत तो मोठ्या हॉटेलात नाहीतर साहेबांच्या केबिनमध्ये असायचा. आमच्यासारख्या चिऱ्याच्या आणि कौलारू घरात तो बसवणं म्हणजे चाळणीत पाणी साठवण्याचा प्रकार होता. आजोबांनी दोन महिने दर शनिवार-रविवार त्या एका खोलीवर काम केलं. कौलांखाली प्लायवूडचं छत घातलं. फटी बुजवल्या. दाराला चारी बाजूंनी नमद्याची जाड लोकरी पट्टी ठोकली. भिंतीतले दोन चिरे काढून तिथे ते धूड बसवलं. मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली आणि तिच्या टोकाला मोठ्या पिनेचं सॉकेट बसवलं. घरात मोठ्या पिनेचं तेवढं एकच सॉकेट होतं. शेजारचा स्टॅबिलायझर सतत गुणगुणायचा, थोरलीला त्याचा आवाज नको म्हणून सॉकेट आणि स्टॅबिलायझर दोन्ही खोलीबाहेर, माजघराच्या भिंतीवर घेतली. ही गोष्ट लक्षात ठेवा.

थोरलीनं खोलीला काश्मीर नाव दिलं. मे महिन्यात शेजारणी काहीतरी निमित्त काढून यायच्या. "वैनी, जरा दोन मिनिटं पोरीची विचारपूस करते हं," म्हणून आत शिरायच्या त्या अर्धा तास बाहेर येत नसत. "काकू, पर्यटकांना तिकीट आहे," थोरली म्हणायची, "पण तुम्ही आमसुलं आणलीत, तुम्हाला माफ." मशीनचं पाणी बाहेर नळीतून ठिबकायचं, तिथे सासूबाईंनी अळू लावला. भर उन्हाळ्यात तो हातभर पानांचा व्हायचा.

पण त्या स्वतः खोलीत कधी गेल्या नाहीत. ज्या मुलीच्या अंगावरून वारं जातंय तिला आम्ही वारं फेकणाऱ्या यंत्रापुढे बसवतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मात्र रोज येता-जाता दारापाशी थांबायच्या आणि दाराच्या फळीवर तळवा टेकायच्या. फळी गार लागली की समाधानानं म्हणायच्या, "आहे." त्या कानांनी मंद झाल्या होत्या, आतलं बोलणं त्यांना ऐकू यायचं नाही. तळव्यानं विचारपूस करायच्या. थोरली बरी असली की पावलं ओळखून आतून दारावर एक टकटक करायची. ती टकटक आजीच्या तळव्याला लागायची.

मी माझ्या पद्धतीनं वही ठेवली. सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं खोलीचं तापमान. डोळा कसा, पाय कसा, हाताची पकड कशी. त्या वहीवरून नियम केले. दहा ते पाच बाहेर यायचं नाही. दार उघडं टाकायचं नाही. काही हवं असेल तर दार वाजवायचं नाही, उठावं लागतं. सासूबाईंच्या देवघरातली जुनी घंटा उशाशी ठेवली होती, ती वाजवायची. उन्हाळ्यात तिची तब्येत खरंच सुधारली. वाचायला लागली, राहिलेलं वर्ष बाहेरून पुरं केलं. नियम पाळल्यामुळे हे झालं अशी माझी खात्री होती. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि दिवसाचे सात तास बारा फुटांच्या खोलीत होती, हे माझ्या वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं.

मग तुमच्या आईचं लग्न ठरलं.

स्थळ मुंबईचं होतं, मूळ गाव राजापूरकडचं. मंडळी चांगली होती. पाहायला आली तेव्हा थोरली मामाकडे पालीला होती. मुद्दामच पाठवली होती. "थोरली शिकते आहे, इतक्यात लग्न नको म्हणते," असं मी सांगितलं. वाक्य खोटं नव्हतं, पण ते मी खोटं बोलण्यासाठी वापरलं. मुलीच्या बहिणीला नसांचा रोग आहे, औषध नाही, हे कळल्यावर त्या काळी कोण पुढे आलं असतं? असा प्रश्न मी स्वतःला विचारायचे आणि उत्तर स्वतःच द्यायचे. त्या मंडळींना मी एकदाही विचारलं नाही.

लग्न मे महिन्यात, दारात मांडव घालून. मुहूर्त दुपारी बाराच्या पुढचा. बोलणी झाली त्या दिवशी थोरली मला म्हणाली, "आई, मी करवली ना?"

नवरीची बहीण करवली असते. पाण्यानं भरलेला करा घेऊन नवरीच्या मागे उभी राहते. दुसऱ्या कुणाला तो मान नसतो.

मी म्हटलं, "मांडवात मे महिन्याच्या भर दुपारी?"

"अर्धा तास. डोक्यावर पदराखाली ओला रुमाल ठेवीन. करा हातात धरता नाही आला तर तुझी भाची धरेल, मी नुसती उभी राहीन. डॉक्टरांना विचार."

डॉक्टरांना मी ट्रंक कॉल लावून विचारलं. ते म्हणाले, अर्धा तास सावलीत खुर्चीवर बसू द्या, त्रास झाला तर लगेच गार खोलीत न्या, आलेला त्रास उतरेल. मी थोरलीला सांगितलं की डॉक्टर नको म्हणाले.

आजपर्यंत हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगितलं.

ती मांडवात पाय ओढत आली असती तर लोकांनी पाहिलं असतं. मला तेवढंच नको होतं. पण घरात असून करवली बाहेर येत नाही, याला कारण लागणार होतं. ते मी शोधून काढलं. कांजिण्या. कांजिण्यांच्या खोलीत कुणी डोकावत नाही, लहान मुलांना तिकडे फिरकू देत नाहीत, आणि कुणी जास्त चौकशीही करत नाही. आजोबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण हो म्हणाले. तुमची आई रडली. सासूबाई म्हणाल्या, "नसलेलं दुखणं तोंडानं बोलावू नको गो. ऐकणारं कुणीतरी असतं."

थोरली तेवढी म्हणाली, "कांजिण्या? निदान गालगुंड तरी म्हणायचं. फोटोत शोभलं असतं."

लग्नाच्या दिवसाची यादी मी आठ दिवस आधी केली होती. कोण कुठे बसणार, पन्ह्यासाठी बर्फाची लादी बंदरावरच्या कारखान्यातून किती वाजता आणायची, भुश्यात कुठे ठेवायची, गुरुजींना काय काय लागेल. थोरलीसाठी वेगळं पान होतं. आठला चहा, दहाला मशीन सुरू, साडेदहाला ताट आत, घंटा उशाशी. त्या पानावर शेवटची ओळ होती, "दाराला बाहेरून कडी." न्हाणीघर शोधत पाहुणे भलतंच दार उघडतात म्हणून. साडेदहाला ताट ठेवून मी बाहेर आले आणि कडी घातली. ती नवी साडी नेसून बसली होती. जांभळी, मोरपंखी काठांची. कुणी पाहणार नव्हतं तरी नेसली होती.

व्हिडिओ शूटिंग तेव्हा नुकतंच आलं होतं. मुलाकडच्यांनी हौसेनं मुंबईहून शूटिंगवाला आणला होता. साडेअकराच्या सुमारास तुमची आई गौरीहर पूजायला माजघरात बसली. माजघर अंधारं. शूटिंगवाल्यानं दोन मोठे दिवे आणले, स्टँडवर चढवले आणि हातात पीन धरून घरभर हिंडायला लागला.

"काकू, मोठी पीन कुठे बसेल?"

माझ्या हातात विहिणीच्या ओटीचं तबक होतं. कुणीतरी नारळ कमी पडतात म्हणून ओरडत होतं. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. जे माहीत होतं ते सांगितलं. "मोठ्या पिनेचं सॉकेट घरात एकच आहे. ते काय, माजघराच्या भिंतीवर." आणि बोट दाखवलं.

त्यानं मशीनची पीन काढली आणि स्वतःची घातली. त्याची काही चूक नव्हती. त्याला वाटलं असेल, फ्रिजची असेल. नंतर तो त्याच वायरीला वायर जोडत दिवे ओटीवर घेऊन गेला, मांडवात घेऊन गेला. दिवे शेवटपर्यंत त्याच सॉकेटवर होते.

पुढचं तुम्ही व्हिडिओत पाहिलंय. मंगलाष्टकं, अक्षता, हार. वाऱ्यानं अग्नी विझेल म्हणून होम ओटीवर केला. तुमची आई आणि बाबा पाटावर बसलेत, त्यांच्या मागे फिकट हिरवं दार आहे. ते त्या खोलीचं. दाराशेजारी जरीच्या साडीतल्या एक जाड बाई बसल्या आहेत, त्या तुमच्या बाबांची मावशी. त्या एकदा मान वळवून दाराकडे बघतात, काहीतरी बोलतात आणि पुन्हा होमाकडे बघायला लागतात. तुम्ही विचारलं होतंत, "या आजी दाराशी बोलतायत का?" हो, दाराशीच बोलत होत्या.

नमदा ठोकलेली, फटी बुजवलेली खोली. आतलं वारं बंद झाल्यावर ती बाहेरच्या मांडवापेक्षा जास्त तापली. खिडकी उघडण्याइतकी पकड तिच्या हातात राहिली नव्हती.

अडीच वाजता पंगत उठत होती. सासूबाई हात धुऊन ओटीवर आल्या, नेहमीच्या सवयीनं दारावर तळवा टेकला. मी पाच पावलांवर होते. त्यांनी हात उचलला, पदराला पुसला आणि पुन्हा टेकला. मग माझ्याकडे वळल्या. मी त्यांचा तो चेहरा आधी कधी पाहिला नव्हता.

"दार गरम आहे," त्या म्हणाल्या.

मी कडी काढली. थोरली दारापाशीच जमिनीवर होती. कॉटपासून दारापर्यंत सरपटत आली असावी. घंटा तिच्या हाताजवळ पडलेली, साडी भिजून अंगाला चिकटलेली, ओठ कोरडे. डोळे उघडे होते आणि कुठेच बघत नव्हते. हाक मारल्यावर बोलली ते जिभेत अडकत बोलली. "संपलं का लग्न?"

आणि मग मी काय केलं ते ऐका. मी आत गेले आणि दार पुन्हा लावून घेतलं. कारण ओटीवर पाहुणे होते.

आजोबांना मी फटीतून हाक मारली. ते मशीनजवळ गेले, मग माजघरात. दाराच्या फटीतून मी त्यांना सॉकेटच्या भिंतीकडे बघत उभं राहिलेलं पाहिलं. त्यांनी शूटिंगवाल्याची पीन काढली, आपली घातली. मांडवातले दिवे गेले, कुणीतरी "अरे अरे" केलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पन्ह्याचा उरलेला बर्फ आम्ही टॉवेलात गुंडाळून तिच्या मानेला, काखेत, तळपायांना लावला. सासूबाई पहिल्यांदाच त्या खोलीत आल्या. मशीनच्या समोर, वाऱ्यात बसल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

पाच वाजता वऱ्हाड निघालं. तुमची आई निरोप घ्यायला दाराशी आली. कांजिण्यांचं सोंग होतं म्हणून आत येता येत नव्हतं.

"ताई, येते गं."

तोवर थोरलीची जीभ सुटली होती. तिनं मला हातानंच गप्प राहायची खूण केली, एक श्वास घेतला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "ये. साडी तुडवू नकोस जिना चढताना. आणि रडून काजळ पसरवू नकोस, आधीच माकडासारखी दिसतेस."

"तुला कसं कळलं?"

"माझी बहीण आहेस, मला माहीत नाही?"

बाहेर तुमची आई रडता रडता हसली. ते हसू व्हिडिओत आहे.

तुमच्या बाबांची मावशी जाताना माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, "थोरलीला सांभाळा हो. मघाशी होमाच्या वेळी आतून दार ठोठावत होती बिचारी. मी म्हटलं, पडून राहा गो बाळ, कांजिण्यांत बाहेरचा वारा लागू देऊ नये. मग शांत झाली." मी त्यांचे आभार मानले.

थोरलीच्या उजव्या डोळ्याला दुसऱ्या दिवशी दिसायला लागलं. डाव्याला लागलं नाही. पायही पूर्वीइतका सुधारला नाही, त्यानंतर ती काठीशिवाय चालली नाही. डॉक्टर म्हणाले, उष्णतेनं आलेलं उतरतं. जे उतरलं नाही ते रोगाचं असणार, ते नाहीतरी झालंच असतं. ते हुशार होते आणि खोटं बोलणारे नव्हते. मला ते पटलंही आणि पटलं नाहीही, इतकी वर्षं झाली तरी.

चार दिवसांनी ती आजोबांना म्हणाली, "बाबा, दाराची कडी काढा." त्यांनी त्याच वेळी स्क्रू ड्रायव्हर आणला. ती भोकं अजून दारावर आहेत, तुम्ही बोट घालून पाहिलं होतंत. पण कडी काढून भागलं नाही. दार लावलं की तिला घाम फुटायचा, खोली गार असली तरी. आणि दार उघडं ठेवून ते मशीन खोली गार करू शकत नव्हतं. मी तिला वही दाखवली, तापमानं दाखवली, रागावले, शेवटी हात जोडले. ती म्हणाली, "आई, मी गार राहून आत मरण्यापेक्षा गरम होऊन बाहेर राहते. तू वहीत लिही, पेशंट ऐकत नाही."

पुढचे तीन उन्हाळे ती पडवीत बसली. डोक्याला ओला पंचा, पाय पाण्याच्या बादलीत, कडेला आजी. दुपारी बारा ते चार तिला वाचता यायचं नाही, तेव्हा सासूबाई तिला रस्त्यावरून कोण जातंय ते सांगायच्या आणि ती चपलांवरून आधी ओळखायची. मशीन बंद राहिलं, बाहेरचा अळू वाळला. तब्येत प्रत्येक उन्हाळ्यात एक पायरी उतरली. तिसऱ्या वर्षी ती अंथरुणाला खिळली आणि श्रावणात छातीत कफ भरून गेली. मशीन आजोबांनी काढलं आणि भिंतीतल्या भोकाला फळी ठोकली. चिरे परत बसवायचं त्यांना सुचवलं तर म्हणाले, "मला जमणार नाही." तीच ती फळी.

तुमच्या आईनं लग्नानंतर वर्षभरानं तुमच्या बाबांना बहिणीच्या आजाराचं खरं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग मला ताईंशी भेटवलं का नाहीस?" आणि पुढच्याच सुट्टीत येऊन तिच्याजवळ पडवीत चार दिवस बसले. पण सॉकेटचं, कडीचं आणि डॉक्टरांच्या होकाराचं तुमच्या आईला माहीत नाही. ताईचा डोळा रोगानं गेला एवढंच ती जाणते. थोरलीनंच मला बजावलं होतं. "तिला सांगू नकोस. जन्मभर लग्नाचा वाढदिवस करता यायचा नाही तिला."

ते वचन मी आज मोडते आहे. कारण मागच्या डिसेंबरात तुम्ही तो व्हिडिओ लावलात आणि मी पहिल्यांदाच आवाज मोठा करून ऐकला. होमाच्या वेळी, गुरुजी समिधा घालत असताना, एक घंटा वाजते. हलकी, मध्ये थांबणारी. तुमची आई माझ्याशेजारी सोफ्यावर होती. ती म्हणाली, "गुरुजींची घंटा किती छान वाजते नाही?" गुरुजींचे दोन्ही हात व्हिडिओत दिसतात. एकात पळी आहे, दुसऱ्यात पुस्तक.

मी उठले. आधी जेवून घ्या म्हणाले.

हेच पत्र मी आजच तुमच्या आईसाठीही वेगळ्या पाकिटात घातलं आहे, म्हणजे तिच्यापासून लपवण्याचं काम तुमच्यावर पडणार नाही. तिचं पाकीट आधी पोचावं म्हणून तुमचं चार दिवस उशिरा टाकीन. तिनं फोन केला तर मी घरीच आहे. नाही केला, तरी घरीच आहे.